पान्ह्याचे शास्त्र आणि बाळंतिणीचा विश्वास



स्तनपान समुपदेशनाचे काम हाती घेणाऱ्या परिचारिकेच्या, आशा कार्यकर्तीच्या वा अंगणवाडी सेविकेच्या कानांवर सर्वांत अधिक वेळा पडणारे वाक्य एकच असते : “दूधच येत नाही.” बहुधा ते बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी उच्चारले जाते आणि पुष्कळदा ते बाळंतीण नव्हे, तर तिच्या उशाशी बसलेले वडीलधारे माणूस उच्चारते. साखरपाणी किंवा बाटलीतील वरचे दूध एकदा सुरू झाले, की बाळ कमी लुचते. बाळ कमी लुचले, की दूध कमी तयार होते. आणि जी उणीव केवळ समजुतीत होती, ती खरोखरीच निर्माण होते. हे दुष्टचक्र नुसत्या उपदेशाने थांबत नाही. त्यासाठी स्तनाची रचना व कार्य यांचे अचूक ज्ञान असावे लागते.

स्तनात दुग्धग्रंथी, चरबी आणि त्यांना आधार देणारे तंतू असतात. दूध तयार होते ते द्राक्षाच्या घोसाप्रमाणे जुळलेल्या अतिसूक्ष्म दुग्धकोषांत. कोषाच्या आतील पेशी रक्तातून आवश्यक घटक घेऊन दूध बनवितात, तर बाहेरून त्याला आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे वेढून असते. कोषांतून निघणाऱ्या बारीक नलिका एकमेकींना मिळत जातात व त्यांच्या दुग्धवाहिन्या होऊन त्या स्तनाग्रावर उघडतात. स्तनाचा आकार मुख्यतः चरबीवर अवलंबून असतो. म्हणून लहान स्तन म्हणजे कमी दूध, ही समजूत निराधार होय. एका वेळी साठणाऱ्या दुधाचे प्रमाण स्त्रीपरत्वे भिन्न असते. साठा लहान असल्यास बाळ अधिक वेळा पिते, इतकेच.

या रचनेविषयीचे ज्ञानही काळानुसार सुधारत गेले आहे. लंडनचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी मृत स्त्रियांच्या दुग्धवाहिन्यांत मेण भरून केलेल्या अभ्यासावरील ग्रंथ १८४० साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत पंधरा ते वीस वाहिन्या आणि स्तनाग्रामागे दूध साठविणाऱ्या फुगीर पिशव्या दाखविल्या जात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या मातांची ध्वनिलहरींद्वारे तपासणी करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत स्तनाग्राजवळील मुख्य वाहिन्या सरासरी नऊच्या आसपास आढळल्या. फुगीर पिशव्या मात्र आढळल्या नाहीत. वाहिन्या त्वचेच्या जवळ असून सहज दबतात, हेही दिसून आले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की स्तनाग्रामागे दूध साठून राहिलेले नसते. ते कोषांतून पुढे यावे लागते. पाजताना दोन बोटांच्या कात्रीत स्तन घट्ट धरणे किंवा तंग कपडे वापरणे टाळावे, याचे कारणही येथेच सापडते.

दूध पुढे येण्याच्या या क्रियेला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक सुंदर शब्द आहे : पान्हा. बाळ लुचू लागले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिन दुधाच्या निर्मितीस चालना देते. त्याचे प्रमाण रात्री अधिक असल्याने रात्रीचे पाजणे महत्त्वाचे ठरते. ऑक्सिटोसिन कोषांभोवतीच्या पेशींचे आकुंचन घडवून दूध वाहिन्यांत ढकलते; हाच पान्हा. बाळाचा आवाज ऐकून वा नुसत्या आठवणीनेही तो फुटतो; वेदना, भीती व संकोच यांनी तो लांबतो. “तुझ्या अंगात दूधच नाही,” हे कोणी सहज उद्‌गारलेले वाक्य म्हणूनच बाळंतिणीच्या शरीरावरही परिणाम करू शकते. यांच्या जोडीला स्तनातच तिसरे नियंत्रण असते : भरलेल्या स्तनात निर्मिती मंदावते, रिकाम्या होणाऱ्या स्तनात ती वाढते.

आता दुसऱ्या दिवसाच्या तक्रारीचे उत्तर देता येते. पहिल्या दिवशी येणारा घट्ट, पिवळसर चीक काही चमचेच असतो; नवजात बालकाच्या इवल्या जठरास तेवढाच पुरतो. रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असलेला हा चीक पिळून टाकणे म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण टाकणे होय. वार पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत दूध भरू लागते. पहिले बाळंतपण, शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती वा मधुमेह असल्यास थोडा विलंब होऊ शकतो. हा निसर्गक्रम आहे, मातेचे न्यून नव्हे.

समुपदेशिकेने प्रथम बोलण्यापेक्षा पाहावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूस अधिक दिसणारा, अशी पकड योग्य. केवळ स्तनाग्र तोंडात असल्यास मातेला वेदना होतात, चिरा पडतात आणि बाळाचे पोट भरत नाही. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे, पहिल्या आठवड्याअखेर दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचे वजन पुन्हा भरून येणे, ही दूध पुरत असल्याची विश्वसनीय लक्षणे होत. बाळ रडते, हे एकच लक्षण पुरावा मानू नये. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असल्याने विदर्भाच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये.

तथापि, प्रत्येक अडचण समजुतीची नसते. बाळाचे वजन घटत राहिले, ते सुस्त झाले, मातेला तापासह स्तनात लाल, दुखरी गाठ आली किंवा पूर्वी स्तनावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. खरोखरीच दूध अपुरे पडणाऱ्या मातेला दोष देणे हे शास्त्र नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती याच जाणिवेतून.

या कार्याची निकड आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. परंतु तासाभरात स्तनपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ स्तनपानावर असलेल्यांचे प्रमाण ६३.७ टक्के होते. म्हणजे माता रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचली. आधाराचा हात मात्र पहिल्या तासात तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

तो पोहोचविणे हे एकट्या परिचारिकेचे काम नाही. बालकांच्या दुधाच्या भुकटीची व बाटल्यांची जाहिरात आणि मोफत नमुने यांस १९९२ च्या कायद्याने बंदी केली असून २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. त्याच्या पालनावर अधिकाऱ्यांनी लक्ष ठेवावे. शिक्षकांनी पालकसभेत चिकाचे महत्त्व सांगावे. पंचायत सदस्यांनी कामावर जाणाऱ्या मातेला आडोशाची, सावलीची जागा आणि पाजण्यापुरती सवड मिळते की नाही, हे पाहावे. आणि समुपदेशिकेने बाळंतिणीच्या शेजारी बसून तिला शांतपणे सांगावे, की दूध येत आहे. बाळाला जवळ घ्या. या सांगण्यामागे ज्ञान असेल, तर त्यावर विश्वास बसतो. आणि त्या विश्वासातच पान्हा वाहता राहतो.