‘टीच’ आणि ‘लर्न’



हीरकमहोत्सवानिमित्त शाळेच्या गौरवाचे पुष्कळ बोलून झाले आहे. मी इंग्रजीचा शिक्षक. मला ‘टीच’ आणि ‘लर्न’ या दोन क्रियापदांविषयीच बोलू द्या. शाळेचा सारा व्यवहार या दोहोंतच चालतो.

मराठीत ‘शिकणे’ हे मूळ क्रियापद आणि ‘शिकवणे’ हे त्याचेच प्रयोजक रूप. इंग्रजीत मात्र दोन निराळे शब्द. ‘टीच’चा जुना अर्थ दाखवणे; ‘लर्न’ पूर्वी शिकवणे या अर्थानेही चाले. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातील कॅलिबन, आपल्याला परकी भाषा शिकवणाऱ्यांवर संतापतो, तेव्हा एकाच भाषणात आधी ‘टीच’ आणि मग त्याच अर्थाने ‘लर्न’ वापरतो. आज हा प्रयोग अशिष्ट ठरतो. तरी ‘ही लर्न्ड मी इंग्लिश’ या वाक्याखाली लाल रेघ ओढताना माझा हात थोडा अडखळतो.

‘टीच’ दोन कर्मे घेते: ‘शी टॉट अस ग्रामर’. ‘लर्न’ला एकच पुरते, शिकवणारी व्यक्ती ‘फ्रॉम’मागे जाते आणि गाळली तरी वाक्य अडत नाही. शिवाय ‘आय लर्न्ड दॅट ही वॉज इल’ येथे ‘शिकलो’ नव्हे, ‘कळले’ असेच म्हणावे लागते.

‘मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहणार नाही ना?’ असे पालक विचारतात. त्यांनी आमचा फळा पाहावा. ‘बाईंनी कविता शिकवली’ यात क्रियापद कवितेप्रमाणे चालते. ‘मी कविता शिकलो’ यात शिकणाऱ्याप्रमाणे. हिंदीत मात्र ‘मैंने कविता सीखी’. म्हणून या हिंदी मुलखात वाढलेला आपला मुलगा सहज ‘मी कविता शिकली’ म्हणून जातो. तिन्ही वाक्ये शेजारी लिहिली, की त्याला आपली चूक दिसते आणि ‘टीच’, ‘लर्न’ यांतला भेदही घोकावा लागत नाही. ही सोय एकभाषिक वर्गाला नाही.

‘आय टॉट हिम, बट ही डिड नॉट लर्न’ हे वाक्य इंग्रजीत बिनबोभाट खपते. ‘मी त्याला शिकवले, पण तो शिकला नाही’ असे मराठीतही म्हणता येते. पण एकच धातू दोनदा कानांवर पडतो आणि काहीतरी खटकते. निकालाच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी बहुधा इंग्रजीतच ऐकले आहे.