नवी मोठी गाडी थरथरते, घुमते: तक्रार नेमकी कशी मांडायची

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सिन्नर भागातल्या काही गटांनी कर्ज काढून मोठ्या सात आसनी गाड्या घेतल्या. कुणी शिर्डीची भाडी करतं, कुणी नाशिकला दवाखान्याची ने-आण करतं. प्रभागसंघाच्या बैठकीत या गटांकडून एक तक्रार वारंवार येऊ लागली. गाडी नवी कोरी, पण स्टेअरिंग थरथरतं, सीट हादरते, आत एक घूं असा आवाज भरून राहतो आणि मागच्या सीटवरच्या बायकांचं डोकं उठतं. शोरूममध्ये सांगितलं की उत्तर मिळतं, "ताई, मोठी डिझेल गाडी आहे, एवढं होणारच. सवय होईल."

सवय होईल हे आपल्याला बऱ्याच बाबतीत ऐकवलं जातं. पण इथं महिन्याचा हप्ता आपण भरतो. आपली चालक ताई रोज पाच-सहा तास त्या स्टेअरिंगला हात लावून बसते आणि संध्याकाळी तिच्या बोटांना मुंग्या येतात. भाडेकरू एकदा बसला आणि दुसऱ्यांदा आला नाही, तर नुकसान गटाचं. म्हणून आज या थरथरीबद्दल आणि आवाजाबद्दल जरा सविस्तर बोलू.

सगळी थरथर एकाच कारणाची नसते. गाडीत दोन गोष्टी फिरतात. एक इंजिन, दुसरी चाकं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत या दोघांना जोडणारा एक लांब दांडा असतो, त्याला मिस्त्री प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. थरथर इंजिनाबरोबर वाढते की चाकांबरोबर, एवढं आपण ओळखलं तरी मिस्त्रीचं निम्मं काम होतं.

ओळखायचं असं. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. रस्त्यावर थरथर आली तेव्हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा जिथं होता, तिथपर्यंत हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीतही तशीच थरथर आली, तर दोष इंजिनाच्या बाजूला शोधायचा. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं ती, सायलेन्सरचा पाइप ज्या रबरांवर टांगलेला असतो ती, किंवा कुठं तरी पाइप बॉडीला टेकलेला असणं. उभ्या गाडीत काहीच जाणवलं नाही, तर चाकं, टायर, शाफ्ट यांच्याकडे वळायचं. दुसरी परीक्षा रस्त्यावरची. त्याच वेगाला एक गिअर बदलून बघा. गिअर बदलल्यावर इंजिनाच्या फेऱ्या बदलतात, चाकांच्या नाही. तरीही थरथर त्याच वेगाला येत असेल तर ती बहुधा चाकांची. चालू गाडी न्यूट्रलला टाकून हे बघायला जाऊ नका, घाटात तर मुळीच नाही.

चाकांच्या थरथरीचा एक स्वभाव आहे. गावच्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगाला ती कळत नाही. साठ-सत्तरच्या पुढे सुरू होते. असं का, ते आम्ही आकडेमोड करून बघितलं. चाकाच्या एका बाजूला रिमजवळ फक्त २० ग्रॅम वजन जास्त असलं, तर मोठ्या गाडीच्या चाकाला ताशी ८० किलोमीटरला त्या २० ग्रॅमचा ओढा साधारण दीड किलोचा होतो, आणि तो सेकंदाला नऊ वेळा वर-खाली फिरतो. ४० च्या वेगाला तोच ओढा चौथाई असतो. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. आपल्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. म्हणजे गोंदे इंटरचेंजवरून समृद्धीला लागलं की शिर्डीपर्यंत गाडी नेमकी त्याच पट्ट्यात धावत राहते. खासगी गाडीवाला वेग कमी-जास्त करून त्यातून बाहेर निघतो, आपल्या चालक ताईला ती सोय नाही.

हे २० ग्रॅम येतात कुठून? चाकाच्या रिमला शिशाचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे लावून तोल साधतात, त्याला व्हील बॅलन्सिंग म्हणतात. त्यातला एखादा तुकडा निसटून पडतो. आणि आपल्याकडचं सगळ्यात साधं कारण म्हणजे चिखल. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं गाडी गेली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून विटेसारखी होते. बाहेरून गाडी धुतलेली, चकचकीत. आत हात घातला की पावशेर माती निघते. शोरूमला जाण्याआधी आतल्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा. आमच्या माहितीतल्या एका गाडीची थरथर एवढ्यावरच गेली.

टायरची हवाही बघा. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा वाहतुकीसाठी टायरमध्ये हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते. ताब्यात देताना ती बरोबर करायची असते, पण राहून जाते. अशी गाडी दगडासारखी आदळते. चालकाच्या दाराच्या खांबावर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर पुढच्या-मागच्या टायरचा आकडा असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा. पंपावरचा मुलगा "पस्तीस मारू का?" विचारतो तेव्हा आपला आकडा आपल्याला पाठ असावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची.

आता कुठं जाणवतं ते लक्षात ठेवायचं. स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि फरशी थरथरली तर मागची. फक्त ब्रेक दाबला की थरथर होते, तर ब्रेकची डिस्क. अॅक्सिलरेटर दाबताना होते आणि पाय काढला की जाते, तर शाफ्ट किंवा माउंटिंग. वळणावर गुणगुण कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. संशय असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघायला सांगा. थरथर स्टेअरिंगवरून सीटकडे गेली, तर चाकच दोषी.

आमच्या प्रभागसंघातल्या एका गटाच्या गाडीत हेच घडलं. स्टेअरिंग सत्तरच्या पुढे थरथरायचं. तीन वेळा वर्कशॉपला नेली, तिन्ही वेळा बॅलन्सिंग करून दिली, मशीनवर शून्य आलं, "आता काही नाही" म्हणाले. समृद्धीवर पुन्हा तेच. मग चाकं बदलून बघायला लावली, तेव्हा थरथर मागे गेली. डावं पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं आणि टायरजवळ एक पट्टी धरली, तर एका जागी टायर पट्टीला घासायचा आणि दुसऱ्या बाजूला फट राहायची. टायर पुरता गोल नव्हता. भाकरी वजनाला बरोबर असते, पण एका कडेला जाड राहते, तसं. अशा टायरला वजनाचे तुकडे लावून तोल साधता येतो, जाडी जात नाही. टायरची हमी बहुधा टायर बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. तिचा माणूस येऊन बघून गेला आणि टायर बदलून मिळाला. गेल्या खेपेला आम्ही त्याच गाडीनं गेलो, स्टेअरिंग शांत होतं.

आवाजाचं थोडं वेगळं आहे. मोठी गाडी म्हणजे मोठी पत्र्याची पेटी. रिकाम्या रांजणात बोललं की जसं घुमतं, तसं इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना गाडीचं छत, मागचं दार घुमू लागतं आणि कानात दडा बसल्यासारखं होतं. हे काही गाड्यांत जास्त असतं. एकच मागची काच खाली केल्यावर होणारी धपधप मात्र वाऱ्याची असते, दुसरी काच थोडी उघडली की थांबते. खडखड असेल तर आधी जॅक, पाना, स्टेपनी, तिसऱ्या रांगेच्या सीटचं कुलूप आणि नंबर प्लेट तपासा. वर कॅरिअर बसवलं असेल तर काढून एकदा चालवून बघा. आणि हो, समृद्धीचा रस्ता सिमेंटचा आहे, तिथं टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा जास्तच येतो. म्हणून आवाजाची तक्रार करण्याआधी चांगल्या डांबरी रस्त्यावरही ऐका. सकाळी थंड डिझेल इंजिन थोडं धडधडतं, तेही सोडून द्यायचं.

शहरात दारांच्या आणि फरशीच्या आत चिकटवायची रबरी शीट विकतात. आवाज कमी होतो हे खरं. पण चाकात किंवा माउंटिंगमध्ये दोष असताना वरून शीट चिकटवणं आम्हाला पटत नाही. पैसे आपले जातात, दोष जागेवर राहतो, आणि दारातल्या वायरिंगला कुणी हात लावला की शोरूमवाला हमीबद्दल वाद घालायला मोकळा होतो. हमीच्या काळात तरी या वाटेला जाऊ नये.

आता शोरूमचं. नुसतं "गाडी हादरते" म्हटलं की तो माणूस जॉब कार्डवर "जनरल चेकअप" लिहितो आणि गाडी धुऊन परत देतो. आम्ही गटांना सांगतो, एक वही करा. चालक गाडी चालवेल, शेजारी बसलेली बाई लिहील. तारीख, किती किलोमीटर झाले, रस्ता कुठला, वेग किती, गिअर कुठला, किती माणसं होती, कुठं जाणवलं. आणि जॉब कार्डवर आपलं वाक्य तसंच्या तसं लिहून घ्या, उदाहरणार्थ, "७० ते ८० च्या वेगाला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये स्टेअरिंग थरथरते, उभ्या गाडीत थरथरत नाही." असं लिहिलेलं असलं की सवय होईल म्हणणं अवघड जातं. वर्कशॉपच्या मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला न्या. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत एक चक्कर मारून तो काय सांगणार?

तरीही तो म्हणाला, या गाडीत असंच असतं, तर म्हणायचं, "दादा, तुमची ट्रायलची हीच गाडी काढा, त्याच रस्त्यानं नेऊ." दोन्ही गाड्या सारख्याच थरथरल्या तर त्याचं म्हणणं मान्य. नाही थरथरली तर तेही जॉब कार्डवर लिहा म्हणावं. प्रत्येक फेरीला वेगळं जॉब कार्ड घ्या आणि त्याची प्रत गटाच्या फाइलला लावा. त्यांना दोष सापडला नाही तर "दोष आढळला नाही" एवढं तरी लिहून मागा. हमीच्या काळात तक्रार नोंदलेली असणं हे पुढे फार उपयोगी पडतं.

इतकं करूनही नाही झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठली का असेना. मुदत दोन वर्षांची. वस्तूला दिलेली किंमत १० ते २० लाखांत असेल तर फी ४०० रुपये, २० ते ५० लाखांत असेल तर १००० रुपये. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गाडी भाड्याची आहे म्हटल्यावर समोरचा वकील म्हणतो, तुम्ही व्यापारासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात मात्र असं आहे की स्वयंरोजगारातून फक्त उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. म्हणून गाडी कोण चालवतं, त्यावर कुणाची घरं चालतात, याचे ठराव आणि हिशोब गटाच्या दप्तरात नीट असू द्या. आयोगाकडे लगेच नवी गाडी मिळेल अशी आशा धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली एका गाडीच्या प्रकरणात सांगितलं होतं की हमी ही सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची आहे. तेव्हा मागणी नेमक्या भागाची आणि बुडालेल्या भाड्याची करा. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा नंबर १५१००.

आमच्याकडे दुसऱ्या एका गटाच्या गाडीतली घूं अजून गेलेली नाही. माउंटिंग बदललं, सायलेन्सरची रबरं बदलली, थोडा फरक पडला. ट्रायलच्या गाडीशी तुलना मात्र अजून शोरूमनं करू दिलेली नाही. पाच जॉब कार्डं आहेत, वही भरत आली आहे, आणि १९१५ वर नोंद केली आहे. पुढे काय होतं ते कार्यक्रमात सांगू. ज्या गटांना वहीचा नमुना हवा असेल त्यांनी प्रभागसंघाच्या बैठकीला येताना दोनशे पानी वही घेऊन या, रकाने आखून देऊ. चालक ताईंनाही सोबत आणा.