परदेशातील उमेदवारी आणि खर्चाची सोय
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मरोदा येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आजचे पुष्प गुंफण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय आम्हीच मागून घेतला आहे. गणेशोत्सवात शोभावा असा तो रसाळ नाही. त्यात हिशेब पुष्कळ आहे. परंतु ज्या घरांत तो उद्भवतो, त्या घरांची झोप तो उडवितो, हे आम्ही या वसाहतीत राहून पाहिले आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. पोलाद कसे ओततात आणि संगणक कसा विचार करतो, याविषयी आम्हांस बोलण्याचा अधिकार नाही. तथापि केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे अर्ज वाचण्यात आणि हिशेब तपासण्यात गेली, त्या बळावर चार गोष्टी आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आजकाल ज्यास इंटर्नशिप म्हणतात, तीस आपल्या मराठीत उमेदवारी हा जुना आणि नेमका शब्द आहे. शिकत असताना एखाद्या प्रयोगशाळेत, रुग्णालयात अथवा कारखान्यात काही आठवडे वा महिने जाऊन, जाणत्यांच्या हाताखाली काम करून शिकणे म्हणजे उमेदवारी. ही उमेदवारी परदेशात करण्याची संधी आता आपल्या मुलामुलींना मिळू लागली आहे. संधी गुणांवर मिळते. विमानाचे तिकीट मात्र गुणांवर मिळत नाही. प्रश्न तेथून सुरू होतो.

भिलाईस हा विषय परका नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या काळात भारतीय अभियंते सोव्हिएत पोलाद कारखान्यांत प्रशिक्षणासाठी गेले. तीही उमेदवारीच होती. फरक इतकाच, की त्यांना राष्ट्राने पाठविले होते आणि खर्चाची व्यवस्था करारातच होती. आज त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले जातात ती एकेकटी, आणि व्यवस्था घरातील कर्त्याला करावी लागते.

ती कशी करावी, याचे धडे आपल्या इतिहासात आहेत. पहिले नाव अर्थातच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे धैर्य सर्वांस ठाऊक आहे; त्यांच्या खर्चाची तजवीज कशी झाली, इकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. गोपाळराव पोस्ट खात्यात साध्या पगाराचे नोकर होते आणि बदलीमुळे हे दांपत्य बंगालमध्ये श्रीरामपूर येथे राहत होते. म्हणजे आपल्यासारखेच मुलखाबाहेर पडलेले मराठी घर. गोपाळरावांनी एका अमेरिकन धर्मोपदेशकास लिहिलेले पत्र तिकडील नियतकालिकात छापले गेले. ते न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, आणि त्यातून एका अनोळखी घराचे दार उघडले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भर सभेत, आपण परदेशी का जात आहोत, हे सांगितले. त्या भाषणाची वार्ता पसरल्यावर देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदत येऊ लागली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाल्या. एकवीस वर्षांचे ते आयुष्य पुढच्याच वर्षी संपले, हे आपले दुर्दैव. परंतु आपला हेतू स्पष्ट शब्दांत लिहावा आणि तो चारचौघांत सांगण्याची लाज बाळगू नये, हा धडा त्या मागे ठेवून गेल्या.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर संस्थानच्या नोकरीचा करार. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. पुढे काय केले? मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, आश्रयदात्याची मदत आणि मित्राचे कर्ज अशा चार झऱ्यांचे पाणी एकत्र आले, तेव्हा तो अभ्यास तडीस गेला. एकाच दारावर बसून राहणारा विद्यार्थी बहुधा बसूनच राहतो.

तिसरे उदाहरण एका संस्थेचे. १८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्चशिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. हा निधी मुख्यत्वे कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. शिकून आलेल्याने रक्कम फेडावी आणि तीच पुढच्याच्या कामी यावी, अशी ती योजना. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. तिचे मर्म पुढे आम्हांस उपयोगी पडणार आहे, म्हणून ते लक्षात असू द्यावे.

आता आजच्या मार्गांकडे वळू.

प्रथम खर्चाची फोड करावी. प्रवासभाडे, व्हिसा, विमा, राहण्याच्या जागेची अनामत आणि पहिल्या महिन्याचा निर्वाह ही पाच कलमे होत. ज्या उमेदवारीत मासिक वेतन मिळते, तेथेही ते बहुधा महिना भरल्यावर हाती येते. सबब ही पाचही कलमे आधी पदरची घालावी लागतात. पुष्कळ घरे संपूर्ण मुक्कामाचा आकडा पाहून घाबरतात, वस्तुतः अडचण पहिल्या तीस-चाळीस दिवसांची असते.

दुसरे, जेथे यजमान संस्थाच खर्च उचलते, असे मार्ग आधी शोधावेत. आयेस्टे ही तांत्रिक विद्यार्थ्यांच्या देवघेवीची संस्था १९४८ पासून कार्यरत आहे. तिच्या पद्धतीत काम देणारा निर्वाहापुरते वेतन देतो आणि प्रवासखर्च विद्यार्थी करतो. कॅनडातील मायटॅक्स या संस्थेच्या ग्लोबलिंक योजनेत भारतीय पदवी विद्यार्थ्यांस बारा आठवड्यांचे संशोधनकार्य मिळते आणि खर्चाचा मोठा भार योजना वाहते. अशा योजनांच्या अटी दरवर्षी नव्याने वाचाव्यात आणि अर्ज निदान आठ-दहा महिने आधी करावा. प्राध्यापकांना थेट पत्र लिहिण्याचा मार्गही खुला आहे. पत्र एका पानाचे असावे. त्यांचे कोणते काम आपण वाचले आणि आपणांस काय येते, हे त्यात असावे. आणि वेतनाची अथवा निवासाची काही सोय होईल का, हे सभ्य शब्दांत सरळ विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरे, आपल्याच महाविद्यालयाकडे आणि त्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडे प्रवासाच्या अर्ध्या खर्चाची मागणी करावी. पूर्ण रक्कम मागणाऱ्यास नकार देणे सोपे असते. अर्धी सोय करून आलेल्यास तो देणे जड जाते, हा आमच्या कचेरीतील अनुभव आहे.

चौथे, घरातील साधने. जे केंद्रीय कर्मचारी १ जानेवारी २००४ पूर्वी सेवेत आले, त्यांना सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या शिक्षणासाठी अग्रिम घेता येतो, आणि दहा वर्षांची सेवा झाली असल्यास परत न करावयाची रक्कमही काढता येते. बँकेचे शैक्षणिक कर्ज हे मुख्यत्वे अभ्यासक्रमासाठी असते. उमेदवारी अभ्यासक्रमाचाच भाग असेल, तर महाविद्यालयाचे तसे पत्र जोडून मागणी करावी. केवळ सुटीतील उमेदवारीसाठी बँक सहसा तयार होत नाही. राहते घर मात्र बारा आठवड्यांच्या कामासाठी गहाण टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाचवी गोष्ट इशाऱ्याची. उमेदवारी मिळवून देतो म्हणून जो आधी मोठी रक्कम मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. त्याचे पत्र खरे की खोटे, हे त्या विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर लिहून विचारावे आणि उत्तर येईपर्यंत एक पैसाही देऊ नये.

बंधुभगिनींनो, हे सर्व मार्ग सांगितल्यावरही एक फट उरते, आणि तीमुळेच आज आम्ही येथे उभे आहोत. आमच्या परिचयातील एका मुलीस दोन वर्षांपूर्वी युरोपातील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तीन महिन्यांची उमेदवारी मिळाली होती. मासिक वेतनही ठरले होते. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, थोरल्या मुलीचे लग्न नुकतेच आटोपलेले. दोन लाखांच्या आत रक्कम हवी होती, ती तीन आठवड्यांत. वडिलांनी शब्द टाकला नाही. मानी माणूस, उभ्या आयुष्यात त्यांनी कोणापुढे हात पसरला नव्हता. मुदत टळली. आम्हांस हे कळले तेव्हा मुलीने नकाराचे पत्र पाठवूनही महिना झाला होता. ‘काका, पुढच्या वर्षी बघू,’ असे ती हसून म्हणाली. पुढच्या वर्षी तिचे शिक्षण संपले आणि ती नोकरीस लागली. नोकरी चांगली आहे, तक्रारीस जागा नाही. तथापि ते दार पुन्हा उघडले नाही.

त्या गृहस्थांस देणगी नको होती. त्यांना मान न गमावता मागता येईल अशी एक जागा हवी होती. तशी जागा निर्माण करणे आपल्या मंडळाच्या हाती आहे.

पूर्वसुरींनी हे केलेले आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगावास त्या फंडाचा काच कारखाना निघाला. तेथे मार्गदर्शनास लाभले ते ईश्वरदास वार्ष्णेय, ज्यांनी जपान आणि अमेरिकेत ही विद्या संपादन केली होती. परदेशात शिकलेली विद्या आणि घरोघरचा पैसा एकत्र आले म्हणजे काय घडते, हे त्या भट्टीने दाखविले.

आमची सूचना अशी. दोनशे कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर वर्षास दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. त्यातून दरवर्षी एक-दोन विद्यार्थ्यांस बिनव्याजी रक्कम द्यावी आणि नोकरी लागल्यावर दोन वर्षांत त्यांनी ती हप्त्यांनी फेडावी. अर्जाचा निर्णय पंधरा दिवसांत व्हावा, कारण उशिरा आलेली मदत तिकिटाच्या वाढलेल्या भावातच जाते. अर्जदाराचे नाव समितीबाहेर जाऊ नये. समितीत अर्जदाराचा आप्त नसावा. मुलगा आणि मुलगी यांत भेद नसावा. जमाखर्च मात्र दरवर्षी सर्वांपुढे वाचला जावा.

महोत्सवाच्या शिलकेतून मंडळाच्या रंगमंचाची दुरुस्ती व्हावी, असे काही ज्येष्ठांचे मत आहे. त्या रंगमंचावर आमचाही जीव आहे. मुलखाबाहेर मराठी नाटक जिवंत ठेवणे हे लहान काम नव्हे. म्हणून संपूर्ण शिल्लक आम्ही मागत नाही, अर्धी मागतो. रंगमंचाचे काम दोन टप्प्यांत होऊ शकेल. विद्यार्थ्याच्या संधीस दुसरा टप्पा नसतो.

भंडारा, नागपूर, अमरावती, वर्धा येथून आपले वडीलधारे एक वळकटी घेऊन येथे आले, तेव्हा आधी आलेल्यांनी त्यांना आपल्या क्वार्टरात पाठ टेकण्यास जागा दिली. पहिला पगार होईतो त्यांचे दोन वेळचे जेवणही तेथेच झाले. या मंडळाचा पाया त्या पंगतीत घातला गेला. आज मुलांस लांबच्या गावी पहिला महिना काढावयाचा आहे. रीत तीच आहे, अंतर तेवढे वाढले आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी, त्रुटी दाखवाव्यात, आणि पटल्यास हात वर करावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.