गिरणीचा भोंगा आणि गावचा अंक

सोलापूर गिरणगाव झाले ते आधी रेल्वेमुळे. १८६० मध्ये लोहमार्ग इथवर पोचला आणि या भागातल्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येऊन वसली. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच पेठेत बोलल्या जाऊ लागल्या. भोंगा मात्र सगळ्यांचा एकच होता.

अशा शहराला स्वतःचे वृत्तपत्र लागतेच. ‘कल्पतरू’ हे साप्ताहिक एकोणिसाव्या शतकातच इथे निघत होते. मुंबई-पुण्याच्या पत्रांना सोलापूरची बातमी तेव्हाच सुचे, जेव्हा इथे दंगा, संप किंवा साथ असे. पगाराची तारीख, पाळीची वेळ, पाण्याचा खेळखंडोबा या गोष्टी गावच्या पत्रानेच छापाव्या लागत.

१९३० साली मात्र सोलापूरची बातमी जगभर गेली. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहर पेटले, गोळीबार झाला आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत टिकला. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना याच काळात शिक्षा झाली. ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन हे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्म्यांची नावे शहरातल्या चौकाने सांभाळली. त्यांतला एक पत्रकार होता, हे पुढच्या रांगेतल्या किती जणांना माहीत असेल, याची शंकाच आहे.

स्वातंत्र्यानंतरची मोठी कथा जुन्या मिलचीच. १९४९ मध्ये ती बंद पडली आणि हजारो कामगार घरी बसले. केंद्र सरकारने १९५० मध्ये खास कायदा करून कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्या खेपेस, १९५० च्या डिसेंबरात, सरकारची बाजू टिकली. १९५३ मधल्या द्वारकादास श्रीनिवास खटल्यात टिकली नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हा एक मोजला जातो. घटनेच्या तासाला हे शिकवतात, पण मिल कुठे होती हे सांगायचे राहून जाते.

आजच्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘वस्त्रोद्योगातील संधी’ असा छापला आहे. त्याविषयी इतकेच की, लक्ष्मी-विष्णू १९९५ मध्ये बंद झाली, काम यंत्रमागांकडे गेले, आणि सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे. उरलेली माहिती प्राध्यापक मंडळी अधिक नीट देतील.

तरुणांनी खरे करायचे ते वेगळेच आहे: आपल्या गावचे वृत्तपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावे. मोबाइलवर दिल्लीच्या भांडणांत रात्र घालवणाऱ्याला शेजारच्या कारखान्याला कुलूप लागल्याचे कळत नाही. गावच्या अंकात ते ठळक मथळ्याखाली नसतेच. ते कोपऱ्यातल्या जाहीर नोटिशीत असते: जागेचा सर्व्हे नंबर, चतुःसीमा, हरकतीसाठी मोजके दिवस आणि खाली वकिलाची सही. गिरणीच्या जमिनींचे भवितव्य समजून घ्यायला यापेक्षा चांगले साधन नाही. निधनवार्तेतल्या ‘निवृत्त मिल कामगार’ या दोन-तीन शब्दांतही शहराचा इतिहास असतो.

या संस्थेच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाचनालयातली ती रांग आठवेल. लाकडी पट्टीत अडकवलेला ‘संचार’ एकाच्या हातात आणि चौघे त्याच्या खांद्यावरून वाचत. संपादक रंगाअण्णा वैद्यांचा अग्रलेख पटला नाही तर वाद शिपायाने दिवे मालवेपर्यंत चाले. निकालपत्रात याला गुण नव्हते, तरी इथले निम्मे शिक्षण तिथेच झाले. ट्रस्टींच्या शेजारी बसलेल्या काही पांढऱ्या केसांना हे नाकारता येणार नाही.

वाचनालयातल्या त्या जुन्या अंकांच्या फायलींचा कागद पिवळा पडून कडेने तुटतो. एकदा तुकडा पडला की बातमीही गेली. संस्थाचालकांनी बक्षिसांच्या ढालींवरचा थोडा खर्च वाचवून या फायलींची छायाचित्रे काढून घ्यावीत. ग्रंथपालांनी त्या कपाटाबाहेर काढाव्यात, आणि पडद्यामागे मेकअप करून ताटकळलेल्या नाटकवाल्यांसह प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक फाईल पूर्ण वाचावी, जाहीर नोटिशींसकट.