गाडी ‘मॉडिफाय’ करताना

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



विषय ऐकून काही काकूंच्या कपाळाला आठी पडली, ती मला इथून दिसली. गणपतीसमोर स्पोर्ट्स कारचं काय काम? पण या वर्षी आपल्याच मंडळातल्या तीन-चार घरांत हा विषय जेवणाच्या ताटापर्यंत आलेला आहे, म्हणून कार्यकर्त्यांनी मला उभं केलं. मी चौतीस वर्षं गिअर बनवण्याच्या धंद्यात काढली. देवासात हे सांगायला लागत नाही. गजरा गिअर्स, आयशर, किर्लोस्कर या नावांवर इथली निम्मी घरं उभी राहिली. दात्याला दाता कसा लागतो, हे आपल्या पोरांनी शाळेच्या आधी ऐकलेलं असतं.

सुरुवात आपल्या शेजारच्या इंदूरपासून करू. दुसरे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले. त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मोटारींच्या बाबतीतही ते तितकेच चोखंदळ होते. १९३०च्या दशकात त्यांनी अमेरिकेची ड्यूझेनबर्ग ‘एसजे’ घेतली. तेव्हा मोठ्या गाड्या विकत घेण्याची पद्धतच वेगळी होती. कारखाना चासी आणि इंजिन द्यायचा आणि वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायचं. होळकरांनी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून उघडी, लांब नाकाची, दोघांसाठी अशी बॉडी करवून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. त्या चासीच्या दोन लांब्या मिळायच्या. मोठीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १५३.५ इंच, म्हणजे आजची अख्खी स्विफ्ट त्या दोन चाकांच्या मध्ये बसेल! जगातल्या सगळ्यात देखण्या मोटारींच्या यादीत ही गाडी आजही घेतली जाते. दुःख एवढंच की ती बघायला आता आपल्याला परदेशी जावं लागतं.

आता माझ्यासारख्या माणसाला त्यात काय दिसतं ते सांगतो. साधी ‘जे’ गाडी २६५ हॉर्सपॉवरची. ‘एसजे’मध्ये सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बसवून ती ३२० केलेली. हे वाढवलेलं बळ कारखान्याने स्वतः दिलं. आणि हीच कंपनी अमेरिकेत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक देणाऱ्यांमध्ये अगदी पहिली होती, १९२१च्या सुमारास. म्हणजे पळवण्याची आणि थांबवण्याची अक्कल एकाच डोक्यातून आलेली. राजांनी हौस भागवली ती पत्र्यावर, कातड्यावर, रंगावर. हल्ली आपली मुलं नेमकं उलट करतात.

मंडळातल्याच एका मुलाने सहा वर्षं पगारातून पैसे साठवून एक जुनी, दोन सीटची, टर्बो इंजिनची गाडी घेतली. नाव सांगत नाही, तो समोरच बसलाय. वडील चिडलेले. दोघं माझ्याकडे आले आणि मुलाने एक यादी टेबलावर ठेवली. बजेट चार लाख. यादीत पहिलं, इंजिनच्या कॉम्प्युटरचं रिमॅपिंग. मग मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मोठ्या रिमची रुंद चाकं, मागे स्पॉयलर. ब्रेकचं नाव यादीत नव्हतं.

रिमॅपिंग म्हणजे काय? इंजिनात किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी केव्हा, हे आजकाल एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्यातले आकडे बदलले की टर्बो जास्त दाबाने हवा भरतो, पेट्रोल जास्त जातं, जोर वाढतो. लॅपटॉप लावला, अर्ध्या तासात गाडी वेगळी. खोटं नाही, फरक खरंच जाणवतो. पण कंपनीने ती मर्यादा आळसाने ठेवलेली नसते. मे महिन्यात आपल्या माळव्यात पारा बेचाळीसला जातो. तापलेली हवा विरळ असते, इंटरकूलरला ती पुरेशी थंड करता येत नाही, आणि दाब वाढवलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच भलत्या जागी पेट घेतं. यालाच नॉकिंग म्हणतात, पिस्टनवर हातोडी मारल्यासारखं. सेन्सर ते ओळखून ठिणगी मागे घेतो, म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला जोर उन्हाळ्यात परत काढून घेतला जातो. बाहेर मिळणारे नकाशे बहुधा ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनसाठी केलेले असतात. आपल्या पंपावर साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१चं होतं. शंभर ऑक्टेनचं मिळतं, पण दर पंपावर नाही, आणि भाव विचारून घ्या.

आता माझ्या घरचा प्रश्न, गिअरचा. बॉल-बेअरिंगचा एक जुना हिशेब आहे: भार दुप्पट केला की आयुष्य आठवा भाग उरतं. एक तृतीयांश वाढवला तरी निम्म्याहून कमी. दात्यांचंही साधारण तसंच. वाढवलेल्या जोराने गाडी त्याच दिवशी मोडत नाही, म्हणून मुलाला वाटतं की काका उगाच घाबरवतात. दात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर जाते, ती दर वेळी थोडी पुढे सरकते, आणि एक दिवस गिअरबॉक्समधून आवाज येतो. असे मोडलेले दाते मी भिंगाखाली शेकड्याने बघितले आहेत. तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यासारख्या रेषा असतात, एकेक रेष म्हणजे थकव्याचा एकेक टप्पा.

आणि ब्रेक. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १४० ने जाणाऱ्या गाडीला थांबवायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा उष्णता करून टाकावी लागते. ती जाते पॅड आणि डिस्कमध्ये, तिथून ब्रेक ऑइलमध्ये. ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतली ओल शोषलेली असते, ते लवकर उकळतं, आणि पेडल नुसतं खाली जातं. आग्रा-मुंबई रस्त्यावर उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी असते. तिच्यामागे पेडल खाली जाणं काय असतं, ते मी सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी, म्हणजे कंपनीने मूळ दिलेल्या गोष्टींशी, विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. रंग, किरकोळ जोडण्या यांना हरकत नाही. अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करायला परवानगीची वाट आहे, ती मात्र अवश्य वापरा. बाकी नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सापडला तर दाव्याची भानगड होते. त्या मुलाच्या वडिलांना पहिली काळजी हीच होती, आणि ती रास्त होती.

मग हौस मारायची का? मी असं म्हणत नाही. धार जिल्ह्यात पीथमपूरला, आपल्यापासून तासा-दीड तासावर, नॅट्रॅक्स आहे. तिथला अतिवेग ट्रॅक ११.३ किलोमीटरचा, २९ जून २०२१ रोजी आपल्या प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झाला. आशियातला सगळ्यात लांब म्हणून तो सांगितला जातो, चार पदरी, वळणावर ताशी ३७५ पर्यंतच्या वेगासाठी आखलेला. देशोदेशीच्या कंपन्या तिथे गाड्या तपासतात. एवढी सोय माळव्यात आहे आणि आपली पोरं रात्री बायपासवर वेग बघतात! माझं मंडळाला एक सुचवणं आहे: तिथे मुलांना एकदा बसने घेऊन जाण्यासाठी परवानगी मागणारं पत्र लिहा. मिळेल न मिळेल, अर्ज करायला काय जातं? यांत्रिकीच्या मुलांना गाडी तपासतात कशी हे दिसलं पाहिजे. इथल्या हातांना कौशल्य कमी नाही, त्याला अधिकृत काम हवं.

त्या मुलाच्या यादीचं पुढे काय झालं ते विचाराल. आम्ही तीन संध्याकाळी बसलो. स्प्रिंगा खोडल्या, कारण आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर कुणी काढणार नाही आणि गाडीचं पोट त्यावर रोज घासणार. मोठ्या रिमाही खोडल्या: टायरची बाजू पातळ, खड्डा लागला की रिम वाकते. एक्झॉस्ट त्याच्या आईने खोडला, मला बोलावंच लागलं नाही. त्याऐवजी नवं ब्रेक ऑइल, चांगले पॅड, कंपनीच्याच मापाचे उत्तम टायर, सस्पेन्शनचे झिजलेले बुश, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल. सगळं मिळून बजेटच्या निम्म्यातही गेलं नाही. परवा त्याने मला बसवून फिरवलं. ही तीच गाडी का, असं वाटावं इतकी ती नेटकी वळत होती.

रिमॅपिंग मात्र त्याने केलं. ‘थोडंसंच केलंय काका,’ म्हणाला. मला ते पटलेलं नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. विमा कंपनीला पत्र लिहीन म्हणाला होता. ते लिहिलं की नाही, हे आज इथे सगळ्यांसमोर विचारतो.

आरती साडेआठला आहे. दहा मिनिटं हातात आहेत, प्रश्न विचारा. ‘कुठला टायर घेऊ’ हे मात्र प्रसादानंतर, रांगेत.