वसुलीच्या खर्चाचा हिशेब

ठरावीक कामासाठी सरकारने गोळा केलेले शुल्क किंवा उपकर सगळाच्या सगळा त्या कामाला मिळतो असे नाही. वसुलीचा खर्च म्हणून त्यातला काही हिस्सा आधीच वळता होतो. वसुलीला माणसे लागतात, कार्यालये लागतात, तेव्हा हा हिस्सा घेणे गैर नाही. मात्र तो प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नसावा आणि त्या खर्चाचा हिशेब लोकांपुढे यावा. बांधकाम कामगारांसाठीचा उपकर पाहा. १९९६ च्या कायद्याने तो बांधकामखर्चाच्या १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान ठेवला आणि लागू झाला तो १ टक्का. ही रक्कम कल्याण मंडळाकडे देताना वसुलीखर्चापोटी १ टक्क्याहून अधिक कापू नये, असेही त्याच कायद्याने बजावले. म्हणजे १ कोटीच्या बांधकामावर १ लाख उपकर आणि त्यातून फार तर १ हजार रुपये कपात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात मात्र राखीव निधींच्या उत्पन्नातून, कायद्याने सूट दिलेले निधी सोडले तर, ८ टक्के सेवाशुल्क सर्वसाधारण महसुलात जाते. राज्यकारभाराच्या एकूण खर्चातला त्या निधींचा अंदाजे वाटा, हा त्यामागचा आधार.

टक्केवारी सोपी असते, प्रत्येक निधीचा वेगळा खर्च कोण मोजत बसणार, असे कोणी म्हणेल. पण १० कोटींच्या इमारतीचा उपकर वसूल करायला १ कोटीच्या इमारतीच्या दहापट श्रम पडत नाहीत. कपात मात्र दहापट होऊ शकते. म्हणून टक्केवारी ही कमाल मर्यादा म्हणून ठीक आहे, खर्चाचे माप म्हणून नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा शेवटी सरकारी तिजोरीतच राहतो, त्यातूनही शाळा आणि रस्तेच होतात, मग बिघडले काय? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात दिले आहे. धार्मिक संस्थांकडून मद्रास सरकार घेत असलेली वर्गणी सरळ संचित निधीत जात होती आणि दिलेल्या सेवेच्या खर्चाशी तिचा मेळ घातलेला नव्हता. ते शुल्क नसून कर आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि तसा कर बसवण्याचा अधिकार राज्याला नसल्याने ती तरतूद रद्द झाली. खर्चापेक्षा जास्त कापलेला प्रत्येक रुपया याच कसोटीवर तपासला पाहिजे. दंडाची गोष्ट वेगळी आहे. तो सेवेचा मोबदला नसतो, त्यामुळे एरवी तो तिजोरीत जायला हरकत नाही. पण कायद्याने तो पीडिताच्या भरपाईसाठी राखला असेल, तर तिथेही हाच नियम लागू व्हावा.

वसुलीच्या खऱ्या खर्चाचा हिशेब ठेवणे अशक्य नाही. केंद्राच्या करांमधून वसुलीचा खर्च वजा करून उरणारी निव्वळ रक्कम महालेखापरीक्षकांनी प्रमाणित करावी, असे संविधानाचा अनुच्छेद २७९ सांगतो. करांसाठी जी शिस्त आपण मान्य केली, ती उपकर आणि शुल्कांनाही लावावी. प्रत्येक खात्याने वसुलीचा खरा खर्च दरवर्षी जाहीर करावा, लेखापरीक्षकांनी तो तपासावा आणि जादा कापलेली रक्कम मूळ निधीत परत जमा व्हावी. कामगाराच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब कामगाराला मिळालाच पाहिजे.