साखर दारात, पेशी उपाशी

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "गोड मी कधीच सोडलं. तरी रक्तात साखर आहेच. आणि रक्तात एवढी साखर असताना अंगात त्राण का नाही?" उत्तर कुणालाच देता येईना. मग आम्ही डॉक्टरबाईंना गाठलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

भाकरी, भात यांचीही पोटात साखरच होते आणि ती रक्तात उतरते. तिथून ती पेशीत गेली तरच ताकद मिळते. पण पेशीभोवती तेलकट पडदा असतो. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तिला आत जायला दार लागतं. हे दार प्रथिनाचं असतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत त्याचं नाव ग्लूट-४.

हे दार पेशी स्वतःच घडवते. गोधडीत दोरा खाली-वर घालतो ना, तसं हे प्रथिन तयार होतानाच पेशीच्या आतल्या एका पडद्यात ओवलं जातं, बारा वेळा आरपार. पुढे ते पडद्याच्याच चिमुकल्या पिशव्यांत बसून आत थांबतं. आपण जेवलो की इन्सुलिन निरोप देतं. पिशव्या कडेला येतात, बाहेरच्या पडद्यात मिसळतात आणि दारं उघड्यावर येतात. जेवणाची साखर आत गेली, इन्सुलिन उतरलं, की दारं पुन्हा आत ओढली जातात. ही ये-जा १९८० साली उंदरांच्या चरबीच्या पेशींत प्रथम दिसली. पेशीतल्या अशा पिशव्यांची वाहतूक कशी चालते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१३ चं नोबेल मिळालं.

मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात बहुधा पेशी हा निरोप नीट ऐकत नाही. दारं आतच राहतात. पोतं ओसरीवर आणि चूल थंड, अशी गत होते. काकूंचा थकवा त्यातलाच.

पण एक चांगली गोष्ट आहे. स्नायू हलले, की इन्सुलिनच्या निरोपाशिवायही दारं कडेला येतात. तुम्ही म्हणाल, "दिवसभर शेतात राबतोच की!" त्याचा फायदा होतोच. पण रात्री जेवून आपण लगेच आडव्या होतो. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाला.

गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका. औषध चालू असताना हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर लगेच साखर किंवा गूळ खा आणि डॉक्टरांना सांगा. तिशी ओलांडलेल्या बायांनी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

आमच्या काकूंनी मध्यंतरी गोळ्या सोडल्या होत्या, हेही तेव्हाच कळलं. आता त्या वेळेवर घेतात. रात्री जेवणं झाली की आम्ही पाचजणी त्यांच्यासोबत देवळापर्यंत जाऊन येतो. तुमच्या गटात कोण कोण निघणार?